शालूची उलटी बाजू : काशीचे माग आणि ‘रॉ मँगो’

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



मराठी घरातील लग्नाच्या खरेदीत ‘शालू’ या शब्दाला वेगळेच वजन आहे. पैठणी ही गोदाकाठची, आपल्याच मातीत विणली गेलेली. शालू मात्र येतो तो काशीहून. तरीही मराठी घराने त्याला कधी परका मानले नाही. याचे कारण काशी हे गावच महाराष्ट्राला परके नाही. मूळचे पैठणचे असलेले भट्ट घराणे काशीत स्थायिक झाले, आणि त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी उभारले. झाशीची राणी लक्ष्मीबाई मणिकर्णिका म्हणून जन्मली ती काशीतच. गंगेच्या काठावरील भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्या घाट ही नावे आजही या नात्याची साक्ष देतात. महाराष्ट्रातून काशीला पंडित गेले, यात्रेकरू गेले. काशीहून महाराष्ट्रात गंगाजल आले आणि शालू आला.

या शालूच्या गावात गेल्या काही वर्षांत एका वस्त्ररचनाकाराने जे काम करवून घेतले, तो आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यांचे नाव संजय गर्ग आणि त्यांच्या ब्रँडचे नाव ‘रॉ मँगो’. शाळेच्या समारंभांतून यशाच्या कथा सांगितल्या जातात, तेव्हा त्या बहुधा डॉक्टर, अभियंते, न्यायाधीश, सनदी अधिकारी यांच्या असतात. कापडाची रचना करणारा माणूस त्या यादीत क्वचितच दिसतो. त्यामुळे ही कथा सांगण्याजोगी आहेच. परंतु तिच्या पोटात एक प्रश्नही आहे. एखादा ब्रँड मोठा होतो, तेव्हा नेमके कोण मोठे होते? ज्याचे नाव लेबलावर असते तो, की ज्याचे हात मागावर असतात तो? काशीच्या संदर्भात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

प्रथम काशीच्या वस्त्राची ओळख करून घेऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम सुती वस्त्र कोठे होते याची एक यादी आहे. त्या यादीत काशीचे नाव आहे, आणि अपरांताचे म्हणजे आपल्या कोकणाचेही आहे. पाली वाङ्मयातही काशीच्या वस्त्राचा गौरव आढळतो. पंधराव्या शतकातील संत कबीर याच नगरीतले आणि व्यवसायाने विणकर. पुढे मोगल काळात जरीच्या वस्त्रांना राजाश्रय मिळाला आणि ज्याला मराठीत आपण किनखाप म्हणतो, त्या भरजरी कापडासाठी काशी ओळखली जाऊ लागली.

आज मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा, पीली कोठी या मोहल्ल्यांतून फिरताना घराघरांतून मागांचा आवाज ऐकू येतो. विणकरांमध्ये बहुसंख्य अन्सारी मुसलमान आहेत. चौकाजवळच्या कुंज गलीतील गाद्यांवर बसून साड्यांचा व्यवहार करणारे व्यापारी बहुतांशी हिंदू आहेत. मराठी मुलीच्या अंगावर मंगलाष्टकांच्या वेळी जो शालू असतो, तो असा दोन समाजांच्या हातांतून आलेला असतो. हे परस्परावलंबन कोणी भाषणे देऊन निर्माण केलेले नाही. ते ताण्या-बाण्यासारखे कित्येक पिढ्या विणले गेलेले आहे.

बनारसी विणकामात दोन पद्धतींचा भेद ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण पुढची सर्व कथा त्यावर उभी आहे. पहिली पद्धत ‘फेकुआ’. हिच्यात जरीचा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला जातो. जेथे बुट्टी हवी तेथे तो वर दिसतो आणि उरलेल्या जागी कापडाच्या मागच्या बाजूला सैल लोंबत राहतो. हे लोंबते धागे नंतर कातरले की ते काम ‘कटवर्क’ होते. दुसरी पद्धत ‘कढुआ’. हिच्यात प्रत्येक बुट्टीसाठी वेगळा धागा आणि वेगळी छोटी कांडी असते. विणकर ती बुट्टी जागच्या जागी, जणू भरतकाम करावे तशी, विणतो. मागे सुटे धागे राहत नाहीत. वेळ मात्र कितीतरी अधिक लागतो. भरगच्च कढुआ साडीला काही महिनेही लागतात, आणि अनेकदा एका मागावर दोघांना बसावे लागते. दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली या दोन्ही साड्या समोरून सारख्याच दिसू शकतात. खरे काय ते साडी उलटी केल्यावरच कळते.

नक्षी कापडात उतरते कशी, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. पूर्वी नक्शाबंद नावाचा कारागीर नक्षीचा आराखडा दोऱ्यांतच बांधत असे. मागावर बसवलेल्या त्या दोऱ्या ओढण्यासाठी एक सहायक असे, आणि विणकर खाली धोटा टाकीत असे. नक्शाबंद अली हसन ऊर्फ कल्लू हाफिज हे या विद्येतील अलीकडच्या काळातले एक नामवंत. विसाव्या शतकाच्या आरंभी काशीत जकार्ड यंत्र आले. फ्रान्समधील लियाँ येथील जोसेफ मारी जकार्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे साधन पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरील छिद्रांनी धाग्यांना हुकूम देते. छिद्र आहे की नाही, एवढ्याच दोन खुणांतून मोर, वेल, कोयरी उमटते. संगणकाच्या इतिहासात या पत्त्यांचा उल्लेख मानाने होतो. म्हणजे ज्या विणकराला आपण सहज ‘अशिक्षित’ म्हणून मोकळे होतो, तो ज्या साधनावर रोज काम करतो त्याचे नाते संगणकाच्या पूर्वजांशी आहे.

इतकी विद्या असूनही काशीच्या हातमागावर अवकळा आली. १९८५ मध्ये संसदेने हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा केला. साडी त्यात होती. तरीही यंत्रमागावर विणलेली स्वस्त नक्कल ‘बनारसी’ या नावानेच बाजारात येत राहिली. हातमागावर कित्येक दिवस लागणारे काम यंत्रमाग काही तासांत उरकतो, आणि समोरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला भेद कळत नाही. त्यातच रेशमाचे भाव वाढत गेले. विणकराची मजुरी मात्र त्या गतीने वाढली नाही. देशभराचे आकडे पाहिले तरी चित्र स्पष्ट होते. २००९-१० च्या हातमाग गणनेत ४३ लाखांहून अधिक हातमाग कामगारांची नोंद होती. २०१९-२० च्या गणनेत ती संख्या सुमारे ३५ लाखांवर आली. आणि जे उरले, त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षाही कमी होते. अशा घरातला मुलगा मागावर बसण्याऐवजी अन्य मोलमजुरी पत्करतो, यात त्याला दोष देता येत नाही.

या अवस्थेतून मार्ग काढण्याचे प्रयत्न संजय गर्ग यांच्या आधीही झाले होते, आणि त्यांपैकी एकात एक मराठी नाव आहे. स्वातंत्र्यानंतर पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने देशात विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. चित्रकारांनी विणकरांबरोबर बसून नव्या नक्षी तयार कराव्यात, ही त्यामागची कल्पना. नागावचे प्रभाकर बरवे हे चित्रकार १९६१ मध्ये या सेवेत आले आणि पुढील काही वर्षे त्यांनी वाराणसीच्या केंद्रात काम केले. ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्यांच्या घडणीत काशीच्या त्या वर्षांचा वाटा मोठा मानला जातो. पुढे मार्तंड सिंह यांच्या ‘विश्वकर्मा’ प्रदर्शनांनी भारतीय विणकामातील सर्वोत्तम नमुने पुन्हा विणवून घेतले. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या ठसे छपाई कारागिरांबरोबर कामाला आरंभ करणाऱ्या रितू कुमार यांनी हस्तकलेतून आधुनिक वस्त्रव्यवसाय उभा राहू शकतो हे दाखवून दिले. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. राहुल जैन यांनी तर काशीत जुन्या नक्शा-मागावर मोगलकालीन वस्त्रे पुन्हा विणवली. या सर्वांनी जी वाट घातली, तिच्यावरूनच पुढच्या पिढीला चालता आले.

संजय गर्ग राजस्थानातील अलवर जिल्ह्यातल्या मुबारिकपूर या गावचे. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत म्हणजे ‘निफ्ट’मध्ये त्यांनी वस्त्ररचनेचे शिक्षण घेतले. आजही ते स्वतःची ओळख फॅशन डिझायनर अशी न सांगता टेक्स्टाइल डिझायनर अशी सांगतात. हा केवळ शब्दांचा भेद नाही. फॅशन डिझायनर तयार कापड घेऊन त्याचा पोशाख करतो. वस्त्ररचनाकाराचे काम त्याच्या बरेच आधी, धाग्यापाशी सुरू होते. रेशीम किती पिळाचे, फणीत धागे किती दाट, रंग कोणता, बुट्टी किती अंतरावर, हे सारे ठरवल्यावाचून त्याला कापडच मिळत नाही. म्हणून त्याला विणकराच्या शेजारी बसावेच लागते.

गर्ग यांनी २००८ मध्ये ‘रॉ मँगो’ सुरू केले. रॉ मँगो म्हणजे कैरी. साडीच्या नक्षीतील आंब्याला मराठी घरात ‘कोयरी’ म्हणतात, हे आठवले की या इंग्रजी नावातही एक ओळखीचा स्वाद लागतो. आरंभ झाला तो काशीत नव्हे, तर मध्य प्रदेशातील चंदेरीत. चंदेरीचे तलम वस्त्र ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी राजघराण्यांच्या आवडीचे. गर्ग यांनी त्याच वस्त्रावर बुट्ट्यांची गर्दी कमी केली, फिकट रंगांच्या जागी राणी, पोपटी, हळदी असे उघडे, धीट रंग आणले, आणि तरुण मुलीने कामावर जाताना नेसावी अशी साडी तयार केली. साडी ही केवळ लग्नकार्यात नेसायची वस्तू आहे, ही समजूत ज्या काळात घट्ट होत होती, त्याच काळात शहरातल्या मुली ही साडी मागू लागल्या.

चंदेरीनंतर त्यांचे काम वाराणसीत आले, आणि येथे कसोटी अधिक अवघड होती. चंदेरी मुळातच हलकी आणि मितभाषी. बनारसी वस्त्र मात्र वैभवाचे: सगळीकडे जाळ, वेल, कलगा, शिकारगाह, आणि मोकळी जागा जवळजवळ नाहीच. कारागिराचे कौशल्य म्हणजे अधिकाधिक भरणे, असे बाजाराने ठरवून टाकले होते. गर्ग यांनी येथेही वगळण्याचे धोरण ठेवले. रुंद कोऱ्या रेशमावर एखादी छोटी सोनेरी बुट्टी, मग बरेच अंतर, मग दुसरी बुट्टी. ऐकताना हे सोपे वाटते. परंतु भरगच्च नक्षीत विणीचा एखादा दोष लपून जातो. कोऱ्या पृष्ठभागावर धाग्याची एक चूकही लपत नाही. म्हणून नक्षी कमी झाली तरी विणकराची परीक्षा कमी झाली नाही, उलट वाढली. ‘क्लाउड पीपल’ या त्यांच्या संग्रहात जरीच्या कापडावर देवदूत आणि ढग आले. जुन्या लघुचित्रांतून ओळखीचे असलेले हे आकार साडीवर नवे दिसले, तरी परके वाटले नाहीत.

मशरू हे आणखी एक उदाहरण. मशरू हे वर रेशमी आणि आत सुती असे कापड. मुसलमान पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लागू देऊ नये, असा धार्मिक संकेत होता. तेव्हा विणकरांनी अशी वीण काढली की बाहेरून रेशमाची चमक दिसावी आणि त्वचेला सूतच लागावे. नावाचा अर्थच ‘संमत असलेले’ असा आहे. या जुन्या कापडाला गर्ग यांनी साडीच्या रूपात नव्याने आणले. ज्या कापडाची उलटी बाजू हेच त्याच्या जन्माचे कारण, ते नव्या पिढीच्या कपाटात पोचले.

पुढे मान्यता मिळत गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०१५ मध्ये भरलेल्या ‘द फॅब्रिक ऑफ इंडिया’ या प्रदर्शनात आणि २०२३ मध्ये लंडनच्याच डिझाइन म्युझियममध्ये झालेल्या समकालीन साडीवरील प्रदर्शनात ‘रॉ मँगो’च्या साड्यांना स्थान मिळाले. साडीबरोबर कुर्ते, लेहेंगे, घागरे, जाकिटे आली; दिल्ली, मुंबई, बंगळुरू यांसारख्या शहरांत दालने उघडली. एका विशिष्ट राहणीची, रुचीची खूण म्हणून हे नाव ओळखले जाऊ लागले. इंग्रजीत ज्याला लाइफस्टाइल ब्रँड म्हणतात, ते हेच.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. या उत्कर्षातून काशीच्या विणकराला काय मिळाले?

पहिली गोष्ट म्हणजे काम. काशीत साडी विणकराकडून गिरस्त्याकडे, म्हणजे मागांचा ठेका चालवणाऱ्याकडे जाते. तेथून गादीवर, गादीवरून दुकानात. मागणी लग्नसराईवर अवलंबून असते आणि मंदीच्या महिन्यांत माग थांबतात. असे ब्रँड जेव्हा सातत्याने नवे काम देतात, तेव्हा काही मागांना तरी वर्षभर आधार मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे दर्जाला मिळणारी किंमत. कढुआ कामाचे मोल जाणणारे गिऱ्हाईक तयार झाले, की ते काम जाणणारा विणकर टिकतो. तिसरी गोष्ट म्हणजे शहराला आलेला आत्मविश्वास. काशीत रुजलेल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण पिढीने स्वतःच्या नावाने ब्रँड काढले. पलक शाह यांचे ‘एकाया’ २०१२ मध्ये, तर ‘तिलफी’ २०१६ मध्ये सुरू झाले. पूर्वी काशीचा माल दुसऱ्याच शहराच्या दुकानाचे नाव लावून विकला जाई. आता काशी स्वतःच्या नावाने बोलू लागली आहे.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. अशा साडीची किंमत सामान्य मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर असते. एका किंवा दहा ब्रँडांनी लक्षावधी मागांचा प्रश्न सुटत नाही. एखादी नवी नक्षी गाजली, की थोड्याच दिवसांत तिची यंत्रमागावरची नक्कल गल्लोगल्ली मिळते. तिचा लाभ ना रचनाकाराला होतो, ना विणकराला. ‘बनारस ब्रोकेड आणि साडी’ यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या पैठणीलाही मिळाले. पण मानांकन कागदावर असते. बाजारात ते गिऱ्हाइकाच्या नजरेवरच टिकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावाचा प्रश्न. चित्राखाली चित्रकाराची सही असते, पुस्तकावर लेखकाचे नाव असते. साडीवर लेबल असते ते ब्रँडचे. ज्याने तीन महिने खड्डामागाशी बसून ती विणली, त्याचे नाव त्या साडीबरोबर प्रवास करीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, रचनाकाराने धोका पत्करला, भांडवल घातले, बाजार शोधला. मग नाव त्याचे असण्यात गैर काय? गैर काहीच नाही. रचनाकार नसता तर कदाचित तो माग आज बंदही पडला असता. तरीही त्याचे नाव मोठे झाले, ते त्या मागावर आधीच शतकानुशतके साठलेल्या ज्ञानामुळे, हे विसरता येणार नाही. संजय गर्ग यांच्या उत्कर्षाचे मर्मही येथेच आहे. त्यांनी परदेशी पोशाखाची नक्कल करून नाव मिळवले नाही. गावात जे होते ते नीट पाहिले, त्यातले काय ठेवायचे आणि काय वगळायचे याचा विवेक केला, आणि विणकराच्या कौशल्याला काळाची नवी भाषा दिली. ब्रँडचे यश टिकायचे असेल, तर त्याचा वाटा त्या विणकराच्या मुलापर्यंत पोचला पाहिजे. वडिलांच्या मागाकडे पाहताना त्या मुलाला तो माग नाइलाज न वाटता व्यवसाय वाटेल, त्या दिवशीच हे यश पुरे झाले असे म्हणता येईल.

मराठी माध्यमाच्या शाळेतील विद्यार्थ्यांना या कथेतून काय घ्यायचे? वस्त्ररचना हा आज अभ्यासाचा आणि उपजीविकेचा सन्मान्य मार्ग आहे. ‘निफ्ट’ची स्थापना १९८६ मध्ये झाली, आणि आज तिची केंद्रे मुंबईसह देशभर आहेत. मुंबईला कर्मभूमी करणाऱ्या वैशाली शडांगुळे यांनी जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात भारतीय हातमागाची वस्त्रे सादर केली. त्यांच्या कामात गुळेदगुड्डचा खण आहे, जो मराठी आजीच्या चोळीत पिढ्यान्‌पिढ्या होता. म्हणजे या क्षेत्रात लागणारी शिदोरी मराठी घरात आधीच आहे. खण, इरकल, पैठणी, शेला, काठ, पदर, कोयरी, रुईफूल हे शब्द ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले, त्यांना ही भाषा नव्याने शिकावी लागत नाही. तिचे मोल तेवढे ओळखावे लागते.

जे या व्यवसायात जाणार नाहीत, त्यांच्याकडेही एक काम उरतेच, कारण गिऱ्हाईक तर प्रत्येक जण असतो. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ ७ ऑगस्ट हा दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, ती व्हावीतही. परंतु हातमागाचे भवितव्य दुकानातल्या त्या क्षणी ठरते, जेव्हा समोर दोन साड्या असतात आणि स्वस्त साडीकडे हात वळतो. घरात लग्न निघेल, शालू घ्यायला मंडळी जातील, तेव्हा या शाळेत शिकलेल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने पुढे होऊन पदर उलटा करून पाहावा. मागे सुटे धागे आहेत का, बुट्टी जागच्या जागी विणली आहे का, हातमागाची खूण आहे का, हे दुकानदाराला विचारावे. घरच्यांना कढुआ आणि फेकुआ यांतला फरक सांगावा. एकच साडी घ्यायची असेल तर ती खरी घ्यावी, आणि ती पुढच्या पिढीच्या अंगावर पाहावी.

समोरची नक्षी सर्वांनाच दिसते. उलटी बाजू पाहायची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि शिक्षण म्हणजे बहुधा हीच सवय. साठ वर्षे ही शाळा मुलांना ती लावीत आली आहे. पुढेही तिने ती लावीत राहावी, एवढीच या प्रसंगी शुभेच्छा.